सदाचा डावा हात

प्रिय सदा,

काल वहिनींनी तुला आमसुलाने घासलं! दचकू नकोस. तेच सांगायला हे पत्र.

तू गेल्यावर भिंतीवर तुझा फोटो लावायला त्या तयारच नव्हत्या. "हार घातलेला फोटो समोर असला तर घास उतरायचा नाही मला. भावोजी, तुम्ही केलेलं ह्यांचं चित्र द्या." मला कोण आनंद! तांब्याच्या पत्र्यावर तुला सुईने कोरलं होतं, अ‍ॅसिडात बुडवलं होतं. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना, जीभ दातांत धरलेला तू! त्याचा कागदावर काढलेला चांगला छाप फ्रेम करून नेला.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अख्ख्या गावाला जमलं नाही, ते तुम्ही केलंत की हो! ह्यांना उजव्या हाताचं केलंत!"

पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. पण तू समोर बसून इतकी बडबड केलीस, की दिसलास तसाच कोरला गेलास! पहिला छाप बघून काय हसला होतास! "हा तर दाढी करताना रोज भेटतो मला!"

तुझं भागलं रे, वहिनींचं कसं भागावं? डाव्या हाताने देवाचे डोळे काढतोस म्हणून लोक कां कूं करायचे, तेव्हा मूर्तींनी भरलेल्या तुझ्या गणपतीच्या शाळेच्या दारात त्याच उभ्या राहिल्या होत्या ना? "डोळे ह्याच हाताने उघडतील. नको असेल त्याने दुसऱ्या शाळेत जावं." कोणीही गेलं नाही.

म्हणून काल पत्राच उचलून नेला. त्यात तू डावखुराच! वहिनी बघत राहिल्या, हसल्या, आणि आमसूल, काथ्या घेऊन बसल्या.

"अहो, चरे पडतील! मग छाप निघायचा नाही!"

"काढायचाय कोणाला?"

माझं सगळ्यात चांगलं काम, सदा! जीव कळवळला. पण तू असा लखलखलास, की मीच खिळा ठोकला. तुझ्या बसायच्या जागेवर, शाळेतच. खाली तुझी लेक आखणी करत होती. मेल्या, हे बघायला थांबायला काय झालं होतं? फार आठवण येते.

तो उजवा छाप माझ्याकडेच आहे. आरशासमोरच्या भिंतीवर टांगलाय. आरशात बघितलं, की माझ्या खांद्यामागे तू, ब्रश डाव्या हातात!

रिटायर झाल्यापासून दाढीचा कंटाळा करतो म्हणून ओरडायचास ना? आता रोज करीन. वचन.

तुझा,
दिगू