रबरी पेशंटला मारायची हाक

तीर्थरूप मामा,

सुनेचा नमस्कार. तब्येत बरी आहे एवढंच लिहून भागवू नका. छातीची गोळी वेळेवर घेता की नाही तेही कळवा. आत्याबाईंचा गुडघा कसा आहे?

मी बीडला प्रशिक्षणाला जाऊन आले. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे आम्हा नर्सना रबरी पुतळ्यावर शिकवलं. पुतळ्याला कमरेखाली काहीच नाही. दाब बरोबर पडला की त्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागतो. (एवढी पावती खऱ्या पेशंटनं मला नोकरीत कधी दिली नाही.)

दाबणं मला येत होतं. घोळ त्याच्या आधीच झाला. पेशंटचे खांदे थोपटून त्याला नावानं मोठ्यानं हाक मारायची असते. सोमनाथ सरांनी पुतळ्याच्या गळ्यात चिठ्ठी अडकवली होती: शेतकरी, वय चौऱ्याहत्तर, नारायणगडाच्या यात्रेत कोसळले. नाव नेमकं आपलं.

मी "अहो मामा, उठा" म्हटलं. सर म्हणाले, "ताई, नातं नको, नाव घ्या." मी "सायलीचे आजोबा" म्हणून पाहिलं. पाटोद्याची धनश्री मागून म्हणाली, "सर, सासऱ्याचं नाव हाय ते. लई तर पाया पडंल ती, नाव न्हाई घ्यायची."

"पाय न्हाईत त्याला," सर म्हणाले.

तोवर माझा पदर आपोआप डोक्यावर गेला होता. वाकल्यावर तो पुतळ्याच्या खांद्यावर पडला आणि दिवाच झाकला गेला. सरांनी नापास केलं; त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठीवर 'विठ्ठलराव' लिहिलं आणि मी पास झाले. हे पास होणं खरं की खोटं, हे डायरीत दोनदा लिहून दोनदा खोडलं.

आपण लग्नानंतर मला नर्सिंगला घातलंत, घरात पदर नको म्हणालात. नाव घेऊ नको असं कधी बोलला नाहीत. आत्याबाईही नाहीत, त्यांनी फक्त स्वतः घेतलं नाही. मग ही मनाई घातली कोणी? पुढच्या महिन्यात आपण आमच्याकडे राहायला येणार. दुपारी घरात आपण आणि मीच. तेव्हा चिठ्ठी बदलायला सोमनाथ सर नसतील.

आपली,
मोहिनी

ता. क. गरज पडली तर आपल्याला नावानं हाक मारायची परवानगी हवी आहे. आल्यावर एकदा सराव करू. पहिल्याच हाकेला ओ द्या, दुसरी मला जमेल असं वाटत नाही.

आणखी एक. सराव आजपासूनच करावा म्हणून पाकीट स्वतः लिहायला घेतलं. गाव, तालुका, पिनकोड मी लिहिला आहे. नाव सायलीनं.