तुमच्या शेजारचा खिळा

अण्णा, तुमच्या फोटोशेजारच्या खिळ्यावर अजून कुणाचा फोटो लागलेला नाही. तुमचा फोटो लावायच्या दिवशी भावाने हातासरशी दोन खिळे ठोकून टाकले होते. एक तुमच्यासाठी, आणि दुसरा कशासाठी ते घरात सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही. वीस वर्षं होऊन गेली. आता जेवणं झाली आहेत, सगळे पडवीत चटया टाकून आडवे झालेत, भाऊ तर चक्क घोरतोय, आणि मी तुमच्या आरामखुर्चीत बसून तुम्हाला लिहिते आहे, कारण मला दुपारचं झोपता येत नाही, एकटीने वाचता येत नाही आणि नुसतं बसताही येत नाही. मांडीवरचं पुस्तक सकाळपासून त्याच पानावर आहे. नोकरी संपल्यावरचा पहिला उन्हाळा घरी कसा मजेत घालवायचा, याचे बेत मी पुण्यात बसून वर्षभर केले होते. नवा कॅमेरा, पिशवीभर पुस्तकं, आईच्या हातचं जेवण आणि दुपारची ताणून झोप. त्यातलं आत्तापर्यंत फक्त जेवण जमलंय.

कॅमेरा मात्र गळ्यातून उतरत नाही. घरापुढच्या खळ्यात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांचे फोटो झाले, आंब्याच्या साठांचे झाले, फणसावर चढलेल्या भावाच्या नुसत्या पायांचेही झाले. एकदा पहाटे उठून धामापूरच्या तळ्यावर गेले. पाण्यावर अजून ऊनही आलं नव्हतं आणि मला वाटायला लागलं, आता आई उठली असेल, चुलीपुढे बसून बशीतून चहा पीत असेल, तो फोटो हुकला. तशीच मागे फिरले. घरी पोचले तेव्हा तिचा चहा पिऊन झाला होता आणि तळ्याचाही फोटो नव्हता. समुद्रावर गेले की घरातलं काहीतरी निसटतंय असं वाटतं, घरी असले की बाहेरचं. भाऊ म्हणतो, "गो ताय, तुझ्या पायाक भिंगरी लागली हा काय? जरा बस मगे!" मी बसते, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत उठते.

खरं सांगू? मला एकच फोटो हवाय, आणि तोच मिळत नाही. आईचा. तुम्ही गेल्यापासून तिचा एकही धड फोटो नाही. लग्नं झाली, बारशी झाली, भावाने घराला नवीन कौलं घातली. दरवेळी सगळे उभे राहिले की तिला चहा ठेवायचं आठवतं. कुणी फारच आग्रह केला तर ती पाठ वळवते, नाहीतर पदर तोंडाशी नेते. सरकारी कार्डावर एक आहे, त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. यंदा मी चोरूनही काढून पाहिले. माडाआडून, न्हाणीच्या खिडकीतून. तिला आता धड दिसत नाही, पण कॅमेऱ्याचा खट्ट आवाज बरोबर ऐकू येतो. गेल्या आठवड्यात ती पडवीत कोकमाचे रातांबे फोडत बसली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल, कपाळावर घाम, आणि दारातून फार सुंदर उजेड आला होता. मी कॅमेरा उचलला. तिने मानही वर केली नाही.

"माझो फोटो तुका कित्याक होयो, ता माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तेंच्या बाजूक खिळो मारून ठेवलेलो आसा, तो काय माका दिसणा नाय? रोज केर काढतंय मी हयसर."

"कायतरीच काय गो बोलतंस!" मी म्हटलं, आणि माझे कान तापले. कारण अण्णा, ते खरं होतं. मी नुसतं फोटोचं बोलत होते, पण मनातल्या मनात तो चौकटीत घालूनही झाला होता. आई ऐंशीच्या पुढे गेली आहे. रोज सकाळी तिच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येईपर्यंत मी अंथरुणात श्वास धरून पडते. मला भीती वाटते, आणि ती भीती घेऊन मी दिवसभर कॅमेरा गळ्यात अडकवून तिच्या मागे मागे फिरते. कुणालाही वैताग येईल.

तुमच्या वेळी हे असं नव्हतं. मे महिन्यात तुम्ही घरी असायचात कुठे! मुंबईकर लोटायचे आणि तुम्ही एसटी स्टँडावर कंट्रोलरच्या खुर्चीत, कर्ण्यातून गाड्या पुकारत. कुडाळला जाणारी गाडी, देवगडला जाणारी गाडी. आम्ही बाजारात गेलो की तुमचा आवाज तिथपर्यंत ऐकू यायचा आणि आई मासळीच्या टोपलीपाशी उगाच पदर सारखा करायची. आठवड्याची एक सुट्टी तेवढी आमची. त्या दिवशी दुपारी तुम्ही ह्याच खुर्चीत बसून कादंबरी मोठ्याने वाचायचात, ती पण गाडी पुकारल्यासारखी. नायिका मरायला टेकलेली असली तरी तुमचा सूर तोच, सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं असा. आम्ही मुलं हसून लोळायचो, आणि आई काजूच्या बिया फोडता फोडता डोळे पुसायची. आणि ऊन उतरलं की फोटो.

तुमचा तो गोव्याहून आणलेला जुना कॅमेरा, आणि उन्हाळ्याला एक रोल. रोल महाग, त्यामुळे फोटो वाया जाता कामा नये. म्हणून तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावून देवळातल्यासारखं गाऱ्हाणं घालायचात. "बा देवा म्हाराजा! आज ही सगळी पोराटोरा, पै-पावणे तुझ्या कृपेन हयसर एका जाग्यार जमली आसत. ह्यांचो ह्यो फोटो बरो येवंदे म्हाराजा! खयच्याच शाण्याची मान कापली जावची नाय असा कर रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे गळा फाडून ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" नेमकं त्याच वेळी तुम्ही बटण दाबायचात. आई चिडायची, "देवाक असल्या कामाक लावतत?" तुम्ही म्हणायचात, मे महिन्यात देवाला दुसरं काम तरी काय आहे. त्यामुळे आपल्या घरातल्या एकूण एक जुन्या फोटोत सगळ्यांची तोंडं उघडी आहेत. काकू, आत्या, मुंबईची भावंडं, आईसुद्धा. ती तर सगळ्यांत जास्त, पडजीभ दिसेल इतकी. तुमचा भिंतीवरचा फोटोही तसाच, कारण त्या दिवशी कॅमेरा तुम्ही माझ्या हातात दिलात आणि गाऱ्हाणं तिकडून, घोळक्यातून घातलंत. तुमचा एकट्याचा म्हणून कापून घेता येईल असा तेवढाच निघाला. आता नवीन माणूस घरात आलं की त्या हारातल्या फोटोकडे बघतं आणि विचारात पडतं, की हे गृहस्थ ओरडतायत कुणावर.

एक फोटो तेवढा आला नाही. थोरले काका बऱ्याच वर्षांनी घरी आले होते तेव्हाचा. तुमचं दोघांचं जमिनीवरून बोलणं बंद होतं, आणि त्या वर्षी ते न कळवता दुपारच्या गाडीने उतरले. तुम्हीच ती गाडी पुकारलीत आणि तुम्हीच त्यांना खिडकीतून पाहिलंत. संध्याकाळी सगळे खळ्यात उभे राहिलो, तुम्ही गाऱ्हाणं घातलंत, आम्ही ओरडलो. रोल धुवून आला तर नेमका तोच फोटो नाही. स्टुडिओवाल्यानं वाट लावली, असं तुम्ही म्हणालात. काका पुढच्या वर्षी गेले. मी त्या स्टुडिओवाल्याचा कितीतरी दिवस राग धरून होते, त्याच्या दुकानावरून जाताना मान फिरवायची.

तर यंदाचं. भांडण म्हणता येणार नाही, पण खिळ्याचं ते बोलणं झाल्यावर मी दोन दिवस कॅमेरा कपाटात ठेवला आणि आईला वाचून दाखवायला बसले. तेही जमेना. मी सगळं भराभर वाचायची. "धावतंस कित्याक?" ती म्हणाली. "गाडी चुकाची आसा काय तुझी? ते कसे वाचीत!" मग मी चिडून मुद्दाम तुमच्यासारखं वाचलं, पुकारून. आई हसली. किती दिवसांनी. मग रोज दुपारी तसंच वाचायला लागले, आणि वाचत असते तोवर मला उठावंसं वाटत नाही एवढं खरं.

रविवारी भाचीने टूम काढली, की आत्याचा एवढा भारी कॅमेरा आहे तर सगळ्यांचा एक फोटो हवा. भाऊ, भावजय, भाची तुळशीपुढे उभे राहिले. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि अपेक्षेप्रमाणे आई म्हणाली, "थांबा हां, च्याय ठेवतंय." ती पायरीपर्यंत पोचली असेल. आणि अण्णा, मी काही ठरवलं नव्हतं, माझ्या तोंडून तुमचा तो स्टँडावरचा आवाज निघाला. "बा देवा म्हाराजा!" भाऊ दचकला. आपल्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. माझी जीभ चाचरली, पण आता थांबणार कशी? "आज तुझी ही लेकरा हयसर जमली आसत म्हाराजा! जो कोण फोटो काढताना च्याय ठेवक पळता, तेका मागे वळव रे म्हाराजा!" आई पायरीवर उभी. पाठ आमच्याकडे. बाकीच्यांना काय करायचं ते सुचेना, भाचीने तर हे कधी ऐकलेलंच नाही. मग आई वळली. दोन्ही हात वर करून, मान मागे टाकून, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडली, "व्हय म्हाराजा!" तोंडात चारच दात उरलेत तिच्या. त्या जुन्या फोटोतली बाई होती ती, तीच.

"आते, दाखव दाखव," म्हणून भाची धावत आली. कॅमेऱ्यात काहीच नव्हतं. मी बघतच राहिले होते. बटण दाबायचं राहूनच गेलं.

मला रडूच यायला लागलं. आईला मात्र काही वाटलं नाही. "इलो नाय? मगे परत घाल गाऱ्हाणा," ती पदर सावरत म्हणाली. "तेंचो पण एकदा इल्लो नाय. आपल्या थोरल्या भावाक बघीत रवले आनि बटण दाबूक इसारले. माका तेवाच सांगलल्यानी." इतकी वर्षं तुम्ही दोघांनी त्या बिचाऱ्या स्टुडिओवाल्याला शिव्या खाऊ दिल्यात, आणि आम्हाला काही बोलला नाहीत.

तेव्हापासून रोज ऊन उतरलं की आई साडी बदलते, केसांवरून पाण्याचा हात फिरवते आणि आपणहून तुळशीपुढे जाऊन उभी राहते. बोलवायला लागत नाही. मी गाऱ्हाणं घालते, रोज नवीन; परवा भावाच्या ढेरीवर घातलं, तर गडग्यापलीकडून शेजाऱ्यांनीही "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग आई विचारते, "इलो काय गो बरो?" मी म्हणते, नाही गो, उजेड कमी पडला. नाही गो, भाऊ हलला. तिला ते पटतं. "ऱ्हवांदे, उद्या बघूया," म्हणते आणि कॅमेरा माझ्या हातून घेऊन, पट्ट्याने, तुमच्या शेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवते. तिथून तो मी सकाळी काढते.

ऊन उतरलंय. आत ट्रंक उघडल्याचा आवाज आला, म्हणजे साडी निघाली. हा कागद मी पुस्तकात त्याच अडलेल्या पानात ठेवते आहे. भाचीला थोडा संशय आलाय, पण तिला विचारायचा धीर होत नाही. पहिल्या दिवशी मी विसरले ते खरंच. त्यानंतर एकदाही विसरले नाही. बोट बटणावर असतं, आई हात वर करते, तोंड उघडते, सगळं अगदी मनासारखं जुळून येतं, आणि मी बोट उचलून घेते; त्या ओरडण्यात खट्ट वाजलं नाही हे आईला कळत नाही. आजही दाबणार नाही.