कॉर्टिसॉलच्या नावावर

१२ ऑक्टोबर २०२४
अनुपचं बीपी पुन्हा वर, एकशे ऐंशीच्या पुढे. मशीन बिघडलं असेल म्हणून पट्टा माझ्या दंडाला बांधून पाहिला. माझं नॉर्मल. "आता तू डॉक्टर झालीस?" म्हणाला आणि पट्टा ओढून काढला. छत्तीस वर्षांचा माणूस. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, तिसरी गोळी सुरू केलीय — फरक शून्य.

३ नोव्हेंबर
चेहरा गोल होत चाललाय, हातपाय मात्र काटकुळे. पोटावर जांभळे पट्टे. नुसता सोफ्यावर बसलेला असतो तरी नाडी धावते.
आज डाळ खारट झाली. त्याने पातेलं उचलून सिंकमध्ये भिरकावलं. गरम डाळ माझ्या पायावर. मग ऑफिसचा कॉल आला, तर हसत बोलला.

४ नोव्हेंबर
बॅग अर्धी भरली. वैभवीला सगळं सांगितलं. कॉलेजपासूनची मैत्रीण, आता इथेच इंग्लंडमध्ये; तिच्यापाशी काय लपवायचं. "उद्याच ये. मी रेडिंग स्टेशनवर उभी राहते," म्हणाली.

५ नोव्हेंबर
सकाळी त्याच्या नाकातून रक्त. थांबेचना. अशा माणसाला टाकून कशी जाऊ?

१९ नोव्हेंबर
दवाखान्यात आज नवीन जीपी होती. तिने बीपीच्या आधी त्याचा चेहरा पाहिला. "जुना फोटो आहे?" मी फोनमधला आमच्या लग्नातला दाखवला. ती एकदा फोटोकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिली. मग हॉस्पिटलसाठी चिठ्ठी टाइप करू लागली.

१६ जानेवारी २०२५
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे. अनुपच्या त्या ग्रंथीत गाठ आहे. कॅन्सर नाही. हॉस्पिटलच्या कन्सल्टंट बाईंनी कागदावर काढून दाखवलं — गाठ एक हार्मोन सतत सोडत राहते, तो किडनीच्या डोक्यावरच्या ग्रंथींना हुकूम देतो, त्या कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं रसायन, ओतत सुटतात. मग बीपी चढतं, ठोके वाढतात, झोप जाते. बीपीच्या गोळ्या पुरे पडणार कशा? हुकूम तर वरून सुटतोय.
"आणि राग?" मी विचारलं. अनुप खिडकीकडे बघत होता.
"तोही. कॉर्टिसॉल मूडवर फार परिणाम करतं."
कार पार्कमध्ये तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. "निवू, तो मी नव्हतो."
घरी येऊन बॅग रिकामी केली. कपडे परत हँगरला लावले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना?

१८ जानेवारी
नागपूरहून सासूबाई फोनवर. "मला माहीत होतं, माझा मुलगा असा नाहीच गं." मग एकदम गप्प. मला वाटलं लाइन गेली.

२७ फेब्रुवारी
नाकातून ऑपरेशन झालं. गाठ निघाली. कॉर्टिसॉल इतकं उतरलं की आता गोळ्यांनी द्यावं लागणार. डॉक्टर खूश. अनुप पांढरा पडलेला, पाणी मागायलाही ताकद नाही. मी चमच्याने पाजलं. त्याने माझा हात गालाशी धरला.

६ एप्रिल
घर शांत. मी अजून दारं हळूच लावते.

१८ मे
सासूबाई मदतीला आल्यात. अनुपच्या चेहऱ्याची सूज ओसरली, शर्ट सैल झाले, बीपीच्या दोन गोळ्या बंद. वैभवी भेटायला आली होती. जाताना म्हणाली, "मिळाला ना तुझा अनुप परत?" मी हो म्हटलं.

२० जुलै
मी पार्ट-टाइम नोकरी बघतेय हे त्याला आवडलेलं नाही. जेवताना त्याने ग्लास जरा जोरात टेबलावर ठेवला, तेव्हा सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

६ सप्टेंबर
परवा हार्मोन्सचे रिपोर्ट आले, सगळे हवे तसे. आज सकाळी बीपी एकशे वीसच्या खाली, नाडी संथ. दुपारी मी इंटरव्ह्यूला निघाले. त्याने मनगट धरलं आणि पिरगळलं. आवाजसुद्धा चढवला नाही.
सासूबाईंनी फ्रोझन मटारची पिशवी माझ्या मनगटावर धरली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "याचे बाबा असेच होते गं. त्यांना तर बीपीसुद्धा नव्हतं."