सत्तर-दोनशेदहा आणि भागिरथा आत्या

७ सप्टेंबर, रविवार
लेन्स आली! अकोल्याच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतली. सत्तर ते दोनशेदहा मिलिमीटरची झूम. फोकस हाताने, झूम हाताने, सगळंच हाताने. वय माझ्याएवढं, एकेचाळीस. वजन खलबत्त्याएवढं. बायको पौर्णिमा म्हणाली, "पयलीवाली आपोआप फोकस करते, मंग हे कायले?" तिला कलेबद्दल दहा मिनिटं समजावलं. ती कणीक मळत राहिली.
आजपासून ऑटोफोकस बंद. कायमचा.

९ सप्टेंबर
जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायचा अॅडाप्टर आला. लेन्स बसली. कॅमेरा म्हणतो, लेन्सच नाही. फोटो काढूच देत नाही. दोन तास गेले. शेवटी मेनूत कुठेतरी खोल 'लेन्स नसली तरी चालेल' अशा अर्थाचं काहीतरी सापडलं. एवढं धूड समोर लावलंय आणि हा म्हणतो नाही! नव्या कॅमेऱ्यांना वडीलधाऱ्यांची ओळख राहिली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
शेजारच्या गुलाबरावांच्या वांग्याच्या वाफ्यात सराव. कॅमेरा खाली वाकवला की झूमची नळी आपसूक घसरते. दोनशेवर एक वांगं धरलं, बटण दाबेपर्यंत सत्तरवर अख्खा वाफा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून आवळला. आता झूम घसरत नाही. हलतही नाही. एकंदरीत प्रगती.

१८ सप्टेंबर
विहारात मीटिंग. छप्पनमध्ये आईबापांसोबत दीक्षा घेतलेली गावातली अकरा माणसं अजून आहेत. त्यांचे मोठे फोटो १४ ऑक्टोबरला विहारात लावायचे ठरलं. अध्यक्ष धम्मरत्न काकांचं वाक्य संपायच्या आत मी जबाबदारी घेतली. टाळ्या पडल्या.
घरी येताना भागिरथा आत्या भेटली. अकरातली एक. वडिलांची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. म्हणाली, "सतीश, माहा एकच फोटो हाय, आधारवरचा. थो पाह्यला का मले माह्यंच भेव वाटते. तू मले चांगली काढजो."
म्हटलं, आत्या, अशी काढतो की पापण्या मोजता येतील.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळ
आत्याचं सेशन. नवं पांढरं लुगडं, केसांना तेल, तासभर आधीपासून खुर्चीवर बसलेली. फोकस लागला की कॅमेरा कडा लाल दाखवतो. आज लुगड्याचा काठ लाल, खुर्चीचा हात लाल, मागचा हातपंप लाल. डोळे सोडून सगळं लाल. डोळ्यांवर आणलं की आत्या श्वास घ्यायची. चाळीस मिनिटांनी म्हणाली, "तू फोटो काढून राह्यला का नेम धरून राह्यला?"
बेचाळीस फोटो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे उत्तम.

२१ सप्टेंबर, संध्याकाळ
कॉम्प्युटरवर पाहिले. एकात कान बरा आहे. एकात हातपंप अप्रतिम.
आत्या फार हलते.

२४ सप्टेंबर
दोष सापडला! हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझरला लेन्सचा आकडा, म्हणजे झूम कितीवर आहे ते, आपण भरून द्यायचा असतो. मी २०० ऐवजी २० भरला होता. म्हणजे चूक कॅमेऱ्याची. त्याने विचारायला नको? आणि ट्यूब सैल करून झूम बदलला की आकडा परत बदलायचा. आज अकरातल्या शेषराव काकांना पाच वेळा थांबवलं. सहाव्यांदा ते उठून बैलांना पाणी पाजायला गेले. पाठमोरे छान आलेत.

२८ सप्टेंबर, रविवार
सात जण झाले. आत्या दुसऱ्यांदा बसली. दोनशेवर फोकस लावून झूम मागे घेतला तर फोकसही सरकतो. ही गोष्ट आधी कोणी सांगितली नाही. आत्याने विचारलं, "आता तरी आली का मी?" येतेच आहेस, म्हटलं.
पौर्णिमाने फोटो पाहिले. म्हणाली, "पयलीवाली लेन्स लावा न. तिले काय पाप लागलं?" दोन तास बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

४ ऑक्टोबर
अकराही पूर्ण. रात्रभर विचार करून निष्कर्षावर आलो: हा ब्लर नाही, जुन्या काचेचा मृदूपणा आहे. वाशीमच्या प्रिंटवाल्याचा फोन, "सर, फोटो हललेत. तसेच मारू काय?" म्हटलं, शैली आहे, मारा.

११ ऑक्टोबर, शनिवार
विहारात फोटो लावून पाहिले. सगळे वडीलधारे आले होते. जो तो फोटोजवळ जायचा, डोळे चोळायचा, परत मागे यायचा. मला वाटलं, भारावलेत. शेषराव काका एका फोटोसमोर उभे राहून स्वतःच्या मिशांचं कौतुक करत होते. तो विठाबाईंचा फोटो निघाला. धम्मरत्न काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "खाली नावं टाकू बाप्पा. मोठ्या अक्षरात."
मग आत्या आली. स्वतःच्या फोटोसमोर थांबली. पदर तोंडाला लावला. मी कारणं तयार ठेवली होती: आकडा, झूम, श्वास.
ती म्हणाली, "हे तर माही माय हाय."
"अशीच दिसे. चुलीपाशी, धुरात. तिचा फोटोच नाई कुठी. मले वाटे, आता मी तिचं तोंड इसरली." तिने प्रिंटवर हात फिरवला. "सतीश, हे तुले कुठी भेटली?"
लेन्सबद्दल एक शब्द बोललो नाही.
तिने तो फोटो भिंतीवरून काढायला लावला आणि लुगड्याच्या पदरात गुंडाळून घेतला. दारातून वळून म्हणाली, "हे मायचं झालं. आता माहा फोटो काढाले कोणाले तरी बलाव."
बाकी दहा जणांनी लगेच माना हलवल्या. फार लगेच.

१२ ऑक्टोबर, रविवार
मंगरूळपीरहून निता नावाची बाई आली, लग्नाचे फोटो काढते. ऑटोफोकस. अकरा जण, पंचवीस मिनिटं. आत्याच्या पापण्या मोजता येतात.
मागचा पांढरा पडदा वाऱ्याने उडत होता, म्हणून तो मी धरला. निता म्हणाली, चांगला धरता तुम्ही.
एक सुरकुती येऊ दिली नाही.