सात नंबर प्रेसची पूजा

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. वेल्फेअर ऑफिसरच्या डोक्यावर पाचशे कामगारांचा भार असतो, तो कुठेतरी उतरवायला हवा. कंपनी फ्रिजची दारं बनवते, मी माणसं सांभाळतो. दोन्ही कामं सारखीच महत्त्वाची, असं मी गेल्या वर्षीच्या भाषणात म्हणालो होतो. टाळ्या बऱ्या पडल्या.
सध्या एकच किरकोळ प्रश्न. ऑगस्टमध्ये सात नंबरच्या प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनवर, करण गेला. तिसगावचा, ठेकेदाराकडचा पोरगा. हात आत असताना प्रेस खाली आली, दवाखान्यात पोचेपर्यंत तो संपला. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो, पण तो काढून ठेवला होता. सारखा थांबवायचा, प्रॉडक्शन मागे पडायचं. माझं मत स्पष्ट आहे, सावध माणसाला सेन्सर लागत नाही. चौकशीत तसं सांगितलंही.
त्यावर आता समिती निघालीय. तिसगावचे गावकरी, बचत गटाच्या बायका, आणि अध्यक्ष नगरचे नूरुद्दीनभाई. त्यांचं सायकलचं दुकान आहे. मागण्या दोन: सगळ्या प्रेसना सेन्सर लावा, आणि करण कंपनीचा कामगार होता हे कंपनीने कबूल करावं.
प्लँट हेड साहेबांना शब्द दिलाय. दसऱ्याच्या आत मिटवतो.

१५ सप्टेंबर
गेटसमोर लिंबाखाली करणची आई बसते. बनुबाई. घोषणा नाही, रडणं नाही. माझी गाडी आली की उठून काचेशी येते आणि विचारते, जेवलात का साहेब. रोज हेच. सकाळी साडेआठला कोण जेवतं? आज हो म्हणून टाकलं. मग दिवसभर घास उतरला नाही.
अॅसिडिटी. संकल्प: उद्यापासून मागचं गेट.

१६ सप्टेंबर
मागच्या गेटला बनुबाई नव्हती. तरी काच खाली करून थांबलो. कशासाठी, ते कळलं नाही.

१८ सप्टेंबर, दुपार
समितीशी मीटिंग. समोसे मागवले होते, कोणी हात लावला नाही. मी शांतपणे समजावलं: पोरगा ठेकेदाराचा, प्रेस कंपनीची, निष्काळजीपणा ज्याचा त्याचा. यावर बचत गटाच्या रेश्माताई म्हणाल्या, मंग रगत कुनाचं हुतं? मुद्दा नोंदवून घेतो असं सांगितलं. नोंदवला नाही.
नूरुद्दीनभाई उठताना म्हणाले, सेन्सर लागस्तोवर चार गावांतलं एक मानूस त्या प्रेसवर चढनार न्हाई. धमकी वाटत नव्हती, हवामानाचा अंदाज सांगावा तसं म्हणाले.
एकंदरीत मीटिंग यशस्वी.

१९ सप्टेंबर
खरंच कोणी चढत नाही. बाहेरून माणसं आणली, तीही दुपारी निघून गेली. प्रेस शॉपचा, म्हणजे प्रेसच्या विभागाचा, जुना ऑपरेटर कारभारी सांगतो, तिसऱ्या शिफ्टला सात नंबर आपोआप खाली येते, मेन स्विच बंद असला तरी. मी बीएस्सी आहे. हसलो. कारभारी हसला नाही. म्हणाला, साहेब, तुमी एकदा तिच्याजवळ हुबं ऱ्हाऊन बघा.
वेळ नव्हता.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
पहाटे आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये धप्प असा आवाज. मग पुन्हा. वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. समोरच्या बाईंनी दार उघडून सांगितलं, ते लोक आठवड्यापासून पुण्याला गेलेत.
पाइपमधली हवा असणार. प्लंबरला बोलावणे.

२४ सप्टेंबर
प्लंबर म्हणतो पाइप ठीक आहेत. त्याच्या उजव्या हाताची बोटं मोजली. पाच. आजकाल कोणीही भेटलं की आधी बोटांकडे लक्ष जातं. बँकेतल्या कॅशियरची मोजली, न्हाव्याची मोजली. निरीक्षणशक्ती वाढलीय, वेल्फेअरच्या कामाला उपयोगाचंच आहे.
रुपाली कपाटाचं दार लावत होती, मी ओरडलो. तिचा हात फटीजवळसुद्धा नव्हता. बायको म्हणून तिने समजून घ्यायला हवं होतं. ती म्हणाली, तुम्ही हल्ली झोपेत दोन्ही हात पोटाखाली घेऊन पालथे पडता. मी म्हटलं, थंडी. सप्टेंबरात कसली थंडी, म्हणाली.

२६ सप्टेंबर
मास्टरस्ट्रोक!
खंडेनवमीला आपल्याकडे सगळी मशिनं बंद असतात. ऑपरेटरच्या घरची माणसं आत येतात, हार घालतात, पेढे वाटतात. सात नंबरला यंदा हार कोण घालणार, हीच कुजबुज चाललीय. मीच घालणार! वेल्फेअर ऑफिसर स्वतः! एकदा मी पूजा केली की भूत संपलं, भूत संपलं की माणसं चढली, माणसं चढली की सेन्सरची गरज नाही. एका दगडात तीन पक्षी. साहेब म्हणाले, बघा तुम्हीच.
अकरा वर्षांत खंडेनवमीला मी कधी शॉपवर गेलो नाही. पेढ्यांची व्यवस्था कॅन्टीनमधून बघावी लागते.

२९ सप्टेंबर
नोटीस लावली. कारभारी वाचून माझ्याकडे आला. पूजा तुमी करनार? म्हटलं, हो. आन् म्होरलं बी तुमीच? म्हटलं, सगळं मीच, तुम्ही नुसतं बघायचं. तो टोपी काढून गेला. भारावला असावा.
संध्याकाळी नूरुद्दीनभाईंचा फोन. साहेब, नक्की का, पुन्हा विचार करा, म्हणाले. आवाजात काळजी होती. समितीचे पाय लटपटायला लागलेत.
भाषण तयार आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, संध्याकाळ
जे झालं ते सविस्तर लिहिणार नव्हतो.
सात नंबरभोवती सगळा शॉप गोळा. साहेब पुढे, समिती मागे, बनुबाईला कोणीतरी खुर्ची दिलेली. मी हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. भाषणासाठी घसा साफ केला. तेवढ्यात कारभारीने मेन स्विच चालू केला आणि पत्र्याचा तुकडा माझ्या हातात दिला.
हे काय, विचारलं. शकुनाचा जॉब, म्हणाला. पूजा करनाऱ्यानंच पैला जॉब काढायचा, हितली रीतच हाय. बाकीच्या मशिनींवर काढून झाले होते. कुंकू लावलेले तुकडे ओळीने मांडलेले मला तेव्हा दिसले.
मी साहेबांकडे बघितलं. साहेब मोबाईलमध्ये बघत होते.
एक तुकडा ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं. करण दिवसभर हेच करायचा. मी तुकडा घेऊन हात पुढे केला. आत गार होतं. वरचा डाय, पत्र्यावर आदळणारा साचा, काळा, तेलकट, आणि माझ्या बोटांच्या अगदी वर. पेडलला पाय लावलेला नव्हता, तरी ती खाली येणार असं मला पक्कं वाटलं. भीती वाटली. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. हात आतही जाईना, बाहेरही येईना.
मग कोणीतरी माझं मनगट धरून हात बाहेर ओढला. बनुबाई. नगं घालू रे बाबा हात, म्हणाली. मला अरेतुरे केलं ते लक्षातही आलं नाही.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
नूरुद्दीनभाईंनी हळूच विचारलं, सेन्सर लागंल ना साहेब? मी साऱ्या शॉपसमोर हो म्हणालो. ते लोक टाळ्या वाजवतील असं वाटलं, पण सगळे नुसते उभे होते. साहेब निघून गेले. जाताना म्हणाले, तुम्ही परवा कामावर यायचं की नाही ते फोनवर कळवतो.
बनुबाईने मनगट सोडलं नव्हतं. तिचा हात खडबडीत आणि गरम होता. तिने विचारलं, माझा करन तुमचाच हुता ना?
माझ्याकडे ठेकेदाराचं कलम तोंडपाठ होतं. तिच्याकडे बघून मी हो म्हणालो. आमचाच होता.
मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. माझा हात धरूनच रडत होती आणि तो सोडवून घ्यावा असं मला वाटलं नाही.