शिवलीलाचं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ

आज मी हसायला नको होतं.

माझ्या तिसरीच्या वर्गात नव्या टीव्हीवर परिसर अभ्यासाचा पाठ लावला होता. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "झाड पाणी कशानं पितं? सांगा बरं." आणि शिवलीला उठून उभी राहिली. घरी कन्नड बोलणारी ही पोर शाळा सुरू झाल्यापासून वर्गात मराठीत एक अक्षर बोललेली नाही. ती टीव्हीकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "मुळानं, बाई."

तोवर पडद्यावरच्या बाई पुढं पानांवर गेल्या होत्या. "टीव्हीला ऐकू येतं व्हय गं?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळी पोरं हसली. आणि मी? मीही हसले. तिनं ते बघितलं आणि खाली बसली. पाठ थांबवून शाबास म्हणायला कितीसा वेळ लागला असता? रिमोट माझ्याच हातात होता.

शाळा सुटल्यावर तिला फाटकापाशी गाठलं.

"शिवलीला, तुझं उत्तर बरोबर होतं. मला सांग ना परत."

ती चपलेनं माती उकरत राहिली. "त्या बाईंनी विचारलं तवा येत होतं."

"आणि आता?"

"आता न्हाय येत."

जीपमधून लोहाऱ्याला घरी येईपर्यंत मी टीव्हीलाच दोष देत होते. पण टीव्ही कुठं हसला? उद्या सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागायची. त्यानंतरही ती माझ्याशी बोलली नाही, तर तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही मला.