एक सूत कमी

बाबा, तुमच्या कैचीनं मी आता काय कापते हे कळलं तर तुम्ही आधी हसाल आणि मग चिडाल. मी खेळण्यातल्या गाड्यांचे पत्रे कापते. गिऱ्हाइकांसमोर मात्र खेळणं म्हणायची सोय नाही, त्यांना राग येतो. हातभर लांबीची गाडी, जाडजूड रबरी चाकं, रिमोटवर चालते आणि तिचं काम एकच, दगडांवरून न उलटता चढून जायचं. चांगली नोकरीधंद्याची माणसं रिमोट घेऊन भर उन्हात तिच्यामागे वाकून चालतात आणि त्याच्या स्पर्धा भरवतात. तुमच्या जावयांनी हे ऐकलं तेव्हा म्हणाले, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर गोटमारीचे दगड चालतात ते का कमी होते? तू आनखी दगडाचंच काम आणून राहिली घरात!" पांढुर्ण्याची बायको केली की सौंसरच्या माणसाला एवढं बोलायचा हक्क मिळतो, असं त्यांचं मत आहे.

या गाडीचा सांगाडा नळ्यांचा असतो. त्यावर पत्रे बसवायचे, बॉनेट, छत आणि दोन बाजू. पत्रा जितका लहान तितकी गाडी हलकी, आणि दगडात अडकतही नाही, म्हणून जो तो पत्रा कमी करत सुटला. मग नियम आला. प्रत्येक पत्र्याचं कमीत कमी माप ठरलं, आणि स्पर्धेआधी पंच त्यावर साचा लावून बघतात. पत्रा साच्याच्या दोन्ही कडांना टेकला तर गाडी आत, फट दिसली तर बाहेर. त्यामुळे सगळ्यांना नेमकं तेवढंच माप हवं असतं, वर केसभरही नको. तुम्ही आयुष्यभर ट्रकांचे पोचे काढलेत, तुमच्यापुढे कोणी असा साचा धरला असता तर त्याला तुम्ही दुकानाबाहेर घालवलं असतंत.

शेजाऱ्यांची भाची नागपूरला बँकेत आहे, तिच्यासाठी मी पहिले पत्रे केले. माप आखलं, पट्टी दोनदा लावली, कापलं, कडा वळवून दिल्या. स्पर्धेत फट दिसली, तिची गाडी बाहेर. दुसऱ्यांदा आणखी जपून केलं, पुन्हा बाहेर. पोर गुणाची, मला एका शब्दानं बोलली नाही. तिसऱ्या वेळी फक्त एवढं म्हणाली, "मावशी, या वेळेस नाही बसलं तर मी दुसरीकडून करून घेईन. राग नका मानू." राग कशाचा मानू? तिची बिचारीची दोनदा फजिती झाली होती. मी मनाशी ठरवून टाकलं की या वेळी पत्रा कमी भरला तर कैची गुंडाळून माळ्यावर टाकायची आणि पुन्हा पत्र्याला हात लावायचा नाही.

तुम्ही म्हणाल, कापल्यावर मोजून का नाही बघितलं? तुम्हीच मोजू दिलं नाही. मला ते अजून दिसतं, नागपूर रोडवरच्या आपल्या दुकानात संत्र्याचा एक ट्रक उभा आहे, दार आत दबलेलं, सगळ्या दुकानाला संत्र्यांचा वास. मी शाळेतून आलेली. तुम्ही दिलेला तुकडा कापून झाल्यावर मी त्याला पट्टी लावते, आणि तुम्ही ओरडता, "कापल्यावर काय मोजून राहिली? मोजाचं ते पयले मोज. आता का पत्र्याले शेपूट फुटनार हाय?" ट्रकचा क्लीनर फिदीफिदी हसतो. मला इतकी लाज वाटली होती की तेव्हापासून कापलेल्या पत्र्याला पट्टी लावायला माझा हात उचलतच नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी उचलत नाही.

आणि बाबा, तुम्ही गेलात असं म्हणायचं तरी कसं? दवाखान्यात शेवटी तुम्हाला माणसं ओळखू येत नव्हती, पण खाटेच्या लोखंडी दांड्यावर तुमची बोटं हातोडीच्या चालीवर ठोकत होती. दोन जोरात, एक हलका. नर्स म्हणाली, असं होतं. आता उन्हाळ्यात सगळं सौंसर दुपारचं झोपलेलं असताना मी काम करत बसते आणि तोच ठोका मला ऐकू येतो. हे म्हणतात, भांड्याच्या दुकानातून येत असेल. दुपारी ते दुकान बंद असतं. मला भीती वाटते, आणि तरीही मी कान देऊन बसते.

तिसऱ्या स्पर्धेला मी स्वतः गेले. नागपूरच्या बाहेर एका मोकळ्या मैदानात दगड रचले होते. पंच म्हणजे एक सभ्य पोरगा, टोपी घातलेला. त्यानं साचा ठेवला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकू, फट दिसून राहिली. याले आत नाही घेता येत." त्याचं काही चुकलं नव्हतं. फट मलाही दिसत होती. दोन नाण्यांच्या जाडीएवढी असेल, एक सूत.

एक सूत! तिथल्या तिथे माझ्या अंगावर काटा आला. ट्रकच्या दारासाठी पत्रा कापताना तुम्ही नेहमी सांगायचात, "रेघ खाऊन काप. एक सूत कमी. पत्रा मार खाल्ला का वाढते." माझी रेघ बरोबर होती, माप बरोबर होतं, पण कैची धरली की मनगट आपोआप आतल्या अंगाला वळत होतं, तुमचं वळायचं तसं. तुम्ही पुढे ठोकणार म्हणून कमी कापायचात. मी ठोकत नव्हते, नुसती कड वळवत होते. तीन वेळा मी तुमचं अर्धंच काम केलं होतं.

पिशवीत तुमची लहान हातोडी होती. पंचाला विचारलं, "ठोकून दिला तर पुन्हा बघाल का, जी?" तो म्हणाला, "गाडीची पाळी यायच्या आत आना, बघतो." मी रचलेल्या दगडांतला एक गुळगुळीत दगड बघून मातीतच बसले, पत्रा त्यावर टेकवला आणि कडेकडेनं मारायला लागले. हात आपसूक त्याच चालीवर गेला, दोन जोरात, एक हलका. मी तसं कधीच ठोकलेलं नाही. आजूबाजूला एवढी माणसं असूनही माझ्या उजव्या खांद्यामागे कोणीतरी उभं राहून बघत होतं, आणि मान वळवायची माझी हिंमत झाली नाही. बाबा, मी रडत होते. पोरीला वाटलं, धूळ गेली.

पत्रा वाढला. साच्याच्या दोन्ही कडांना टेकला. पोर ओरडली, "मावशी, बसला!" पुढे तिची गाडी तिसऱ्या दगडावरच पालथी पडली आणि ती पोट धरून हसली. पण नियमात बसून पडली होती, हे तिनं सगळ्यांना सांगितलं. आता तिचे मित्रही माझ्याकडूनच पत्रे करून घेतात.

काल जावई तुमचे विचारत होते, "चूक कोनती ते कळलं ना तुले? मंग काऊन कमी कापून राहिली अजून?" मी म्हटलं, हाताची सवय आहे, जाता जात नाही. त्यांना ते पटलं. हे पत्र कोणी वाचणार नाही, तुम्हीसुद्धा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. सवय केव्हाच मोडली. रेघेवरून नेमकं कापता येतं मला. पण पत्रा मापात कापला की तो ठोकावा लागत नाही, आणि ठोकला नाही की तुम्ही खांद्यामागे येत नाही.